रक्तातले तिघे

प्रयोगशाळेच्या काचेतून ‘परिक्रमा’ दिसत होती. शिडांवर आणि सूर्यपत्र्यांवर चालणारं ते पांढरं जहाज खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. पृथ्वीला वळसा घालायचा, दक्षिणेच्या बर्फाला शिवून यायचं, सगळ्या समुद्रांचं पाणी गोळा करायचं आणि पुढच्या वर्षीचा पाऊस सरला की परत यायचं, असा बेत होता. मध्ये कुठल्याही बंदरात उतरायचं नव्हतं. डॉक्टरही बरोबर नव्हता.

शलाका तांडेल या जहाजावरची समुद्रशास्त्रज्ञ. हे जहाज कागदावरची नुसती रेघ होतं तेव्हापासून ती त्याच्यावर जायची वाट बघत होती. निघायची वेळ मात्र नेमकी तिची कुहू भिंतीला धरून पावलं टाकायला लागली तेव्हा आली. गेले काही दिवस घरात निघण्याची तयारी चालू होती, म्हणजे बॅगा भरणं कमी आणि तोडणंच जास्त. कुहूचं अंगावरचं दूध तोडलं. शलाकाच्या कुशीऐवजी आजीच्या कुशीत झोपायची सवय लावली. मग एके दिवशी कुहू पडली, रडली आणि उठून थेट आजीकडेच गेली. तयारी जमली म्हणायची. शलाका मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तिची आई, इंदुताई, हे सगळं करत होती आणि बोलतही होती.

“पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकवलं होतं ना गं तुला? मग खात्री करायला कशाला जायचं?”

“आई, पुरे.”

“मी काय म्हणते! जा. जावईबापू ऑफिसात, तू समुद्रात आणि आम्ही दोघी बोळकी घरात.”

आज शेवटची तपासणी होती. कुहूला कडेवर घेऊन इंदुताईही आल्या होत्या. डॉ. नसीम मुकादम पडद्यासमोरून उठल्या. त्यांनी खुर्ची ओढून शलाकाच्या अगदी समोर घेतली, तेव्हाच शलाकाला कळलं की काहीतरी अडलंय.

“तुझ्या प्रहरींनी धोक्याची खूण दिलीये,” त्या म्हणाल्या.

“तुमचे ते वॉचमन?” इंदुताईंनी विचारलं.

“वॉचमनच म्हणा, मावशी. रक्तात सोडलेली सूक्ष्म यंत्रं. जहाजावर कुणी आजारी पडून चालणार नाही, म्हणून हे रात्रंदिवस गस्त घालतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीची ओळख तपासतात. शलाकाची असेल तर सोडतात, परकी असेल तर नष्ट करतात. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची ओळख त्यांना आधीच करून दिलेली असते. सध्या सोडलेत ते चाचणीचे आहेत, नुसते बघतात. त्यांना शलाकाच्या हृदयात परक्या पेशी सापडल्यात. जिवाणू नाहीत, माणसाच्या पेशी. तीन वेगवेगळ्या माणसांच्या.”

शलाकाचा हात नकळत छातीवर गेला. कुहूच्या जन्मानंतर तिचं हृदय एकाएकी अशक्त झालं होतं. आता जिना चढू नका, असंच तिला सांगितलं होतं. आणि मग औषधांनी जेवढं व्हायला हवं त्याहून कितीतरी लवकर ते सावरलं. का सावरलं हे कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं.

“जिथं दुखापत होती, तिथंच आहेत त्या,” नसीम म्हणाल्या. “हृदयाबरोबर धडधडताहेत. एक ओळखू आली. ही बघ, तुझ्या आईच्या कडेवर बसून माझा पेन चावतेय.”

“कुहू?”

“बाळ पोटात असतं तेव्हा वारेतून नुसतं अन्न जात नाही. पेशीही जातात. बाळाच्या आईत आणि आईच्या बाळात. जन्मानंतर नाळ कापतो आपण, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. वर्षानुवर्षं राहतात, आणि जिथं काही उसवलंय तिथं कधीकधी जाऊन ठिगळ लावतात. कुहूनं तुला लावलंय.”

शलाका कुहूकडे बघत राहिली. कुहूनं पेन टाकून दिला.

“दुसरी तुमची, मावशी. हीही कधीतरी तुमच्या पोटात होतीच ना.”

“मी? हिच्या काळजात?” इंदुताई म्हणाल्या. “बरं झालं कळलं. ऐकत तर कधी नाही माझं.”

तिघीही हसल्या. मग नसीमनी पडद्याकडे बोट केलं.

“या दोघींची ओळख मी प्रहरींना शिकवीन. प्रश्न तिसऱ्याचा आहे. पेशी इतक्या थोड्या आहेत की पूर्ण वाचता येत नाहीत. नात्यातलं कुणीतरी आहे, एवढंच दिसतं. शलाका, कुहूच्या आधी कधी दिवस गेले होते?”

“नाही.”

“थोरलं भावंड? आईच्या शरीरात राहिलेल्या पहिल्या बाळाच्या पेशी दुसऱ्या बाळात उतरू शकतात.”

“मी एकटीच आहे.”

नसीमनी इंदुताईंकडे पाहिलं. “मावशी, हिच्या आधी काही?”

“नाही,” इंदुताई म्हणाल्या आणि कुहूचं टोपडं बांधायला लागल्या. ते बांधलेलंच होतं.

“मग अवघड आहे. जिचा माग लागत नाही अशी पेशी मी ‘आपली’ म्हणून शिकवू शकत नाही. उद्या ती कर्करोगाची निघाली तर भर समुद्रात प्रहरी तिला हात लावणार नाहीत. बरं, पुसून टाकावी तर ठिगळातला कुठला टाका कुणाचा, हे कुणाला ठाऊक? ठिगळच उसवलं तर? आणि प्रहरींशिवाय जहाजावर कुणाला घेत नाहीत. उद्या दुपारपर्यंत काही कळलं नाही, तर मला तुझ्या जागी दुसरं नाव द्यावं लागेल.”

तिघी घरी परतल्या. शलाकानं बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवू लागली. लोकरीचे मोजे, जाड कोट, कुहूचं न धुतलेलं एक झबलं. रडली नाही. इतक्या वर्षांची गोष्ट अशी घड्या घालून आत ठेवता येते याचंच तिला नवल वाटत होतं.

इंदुताई दारात उभ्या होत्या. कुहूला मऊ भात भरवता भरवता तशाच आल्या होत्या. बोटांना भात लागलेला.

“राहिलीस म्हणजे बरंच झालं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पोरीला आई हवी.”

“हो, आई.”

शलाका पुढचा कपडा उचलायला वाकली.

“मुलगा होता,” इंदुताई म्हणाल्या.

शलाका वळली.

“तुझ्या आधीचा. आठव्या महिन्यात. पोटातच गेला. मला दाखवलासुद्धा नाही गं. तुझे बाबा आणि काका त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, केवड्याच्या बनाकडे. सगळे म्हणाले, विसर, दुसरं होईल. मग तू झालीस. त्यानंतर बाबांनी एकदाही विषय काढला नाही, मीही नाही. आज ती डॉक्टरीण विचारायला लागली तर तोंडातून आपोआप नाहीच आलं. आणि मग वाटलं, आलंय ते बरंच आलंय. मी गप्प राहिले तर तू राहतेस.”

“मग आता का सांगितलंस?”

इंदुताईंनी हाताला लागलेला भात पुसायला पदर घेतला, पण पुसला नाही.

“त्याला पुसून टाकायचं बोलत होती ना ती डॉक्टरीण. एकदा नेलंय त्याला माझ्यापासून. आणि तू... तू अशी घड्या घालत बसलीस. मलाही असंच बसवलं होतं. विसर म्हणाले.”

शलाकानं पुढं होऊन आईला मिठी मारली. भात दोघींच्या खांद्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नसीमनी इंदुताईंच्या दंडातून रक्त घेतलं. आता काय शोधायचं ते माहीत होतं. बराच वेळ त्या पडद्याला डोळे लावून होत्या.

“सापडल्या,” त्या म्हणाल्या. “त्याच पेशी. मुलाच्याच. तुमच्यातून हिच्यात आल्या.”

“माझ्यात अजून आहे तो?”

“आहे.”

“इतकी वर्षं?”

“कुठं गेलाच नव्हता, मावशी.”

इंदुताई खाली बसल्या. नसीमनी त्यांना पाणी दिलं, वेळ दिला. मग हळूच म्हणाल्या, “प्रहरींना शिकवताना प्रत्येक ओळखीला नाव लावावं लागतं. काय लावू?”

“बारसं झालं नव्हतं त्याचं.”

“नाव ठरलं होतं का?”

इंदुताईंनी होकारार्थी मान डोलावली. मग त्या उठल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं, तर बाळाला कान हवा. त्याला शलाकाच्या कानाखेरीज दुसरा कान नव्हता. त्यांनी शलाकाचे केस मागं सारले, ओठ तिच्या कानाशी नेले आणि घरचीच आत्या असावी तसं म्हणाल्या, “कुर्र्र... सारंग.”

शलाकाच्या मानेवर शहारा आला. तो तिचा होता की त्याचा, हे सांगणारं कुठलंही यंत्र त्या खोलीत नव्हतं.

नसीमनी ओळखी शिकवल्या. पडद्यावरची तांबडी खूण विझली. परकं कुणी उरलं नव्हतं. खऱ्या प्रहरींची सुई भरून त्यांनी शलाकाचा दंड हाती घेतला, तसा इंदुताईंनी त्यांचा हात धरला.

“डॉक्टरीणबाई, जरा सांभाळून टोचा,” त्या म्हणाल्या. “आत चौघं आहोत आम्ही.”