पळीची रिकामी जागा

दिलशादने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्याच पळ्या मोजताना… आणि तिचं डोकंच फिरलं.

"चोरीला गेलंया का काय?" तिने दारातूनच विचारलं.

तो दचकला. "नाही… सवय. मोजल्याशिवाय चैन पडत नाही."

आता ही सवय कसली, ते सांगायला हवं. एकोणीसशे एकोणसाठचा पौष. मुळशीच्या धरणाकाठच्या बंगल्यात विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या मास्तरांचा मेळावा भरला होता. गावोगावचे पंधरा-वीस जण, ट्रकमधून आणलेलं एक जुनं इंजिन, आणि पोरांना हे शिकवायचं कसं यावर घसा सुकेपर्यंत वाद. पौडचे बाबालाल बंगल्यावरच राहून स्वयंपाक बघत, लेक दिलशाद हाताखाली. पळ्या मोजणारा हा याकूब शिकलगार, मास्तरांतला सगळ्यात तरुण. आजोबा कराडात सुऱ्यांना धार लावायचे. नातू विमानाचे नट आवळायला शिकवायचा.

त्याने तिला पान्यांची फळी दाखवली. प्रत्येक पान्याचा आकार तांबड्या रंगाने रेखलेला. काम संपलं की पाना आपल्या जागी. एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान हलत नाही, कारण पाना इंजिनात राहिला तर माणसं जातात. दुसऱ्या दिवशी त्याने कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर सातही पळ्यांचे आकार काढून दिले. दिलशाद नाक मुरडून हसली. पण पुढे बंगल्याला चुना देताना भिंतीचा तेवढा तुकडा तिने भांडून तसाच ठेवला.

दुसऱ्या वर्षी तो आला तेव्हा आधी भिंत बघितली, मग तिला. आणि लाजला… तो लाजला, ती नव्हे.

तिसऱ्या वर्षी मात्र जाहीर झालं, पुढचा मेळावा बंगलोरला. त्यात दिलशादला भोरचं स्थळ आलेलं, जुम्म्याला होकार कळवायचा होता. संध्याकाळी धरणावर धुकं उतरलं. ती हंडा घेऊन मुद्दाम रेंगाळली. तो आला, जवळ उभा राहिला, आणि बराच वेळ घेऊन म्हणाला, "पाणी छान आहे."

आता काय म्हणावं या माणसाला? पाणी तीन वर्षं छानच होतं.

शेवटच्या सकाळी बस उभी राहिली, आणि फळीवर एक जागा रिकामी निघाली. सगळ्यात छोटा पाना. झालं, सामान उतरलं, गवत चाळलं, मास्तर लोक गुडघ्यांवर रांगू लागले. तासाभराने दिलशादचा धीर सुटला. तिने पिठाच्या डब्यात हात घातला आणि वळली, तर दारात याकूब.

"मीच घेतला," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "तुमी जाऊ नये म्हनून."

तो रागावला नाही. भिंतीकडे बघत राहिला. तिनेही बघितलं… सातवी जागा रिकामी होती.

"सकाळपासून वाट बघतोय, तुम्ही मोजाल म्हणून," त्याने कोटातून पळी काढली. "कमी दिसली की बस अडवायला याल. मग बोलता येईल, असं वाटलं."

"मग बोला की आता."

"भोरला नाही म्हणा. जुम्म्याला आईला घेऊन येतो."

पळी त्याने परत कोटात घातली. बाहेर जाऊन सांगितलं, पाना माझ्याच खिशात राहिला होता. मास्तराला याहून मोठी नामुष्की नाही. वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत झाडला, त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. पान्याला पीठ लागलेलं फक्त बाबालालनी पाहिलं.

रात्री त्यांनी विचारलं, भोरला काय कळवू?

"एक पळी कमी हाय, आब्बा," दिलशाद हळूच म्हणाली. "ती आल्याबिगर मला हितनं हलता यायचं न्हाई."

जुम्म्याला याकूब आला. शेजारी आई, हातात कागदात गुंडाळलेली पळी. बाबालाल पुढे झाले. त्यांनी पळी घेतली, स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगली आणि एकेकीवर बोट ठेवत मोजलं.

"सात," ते म्हणाले. "आता जा म्हनायला हरकत न्हाई."