एकट्याने खाऊ नये

मी त्याच्याशी लग्न केलं.

वरील वाक्य छापखान्याच्या चुकीने इथे आलं आहे. तुम्ही ते वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजून पुढे जाते. आम्ही अजून भेटलेलोसुद्धा नाही. मी छापखान्याच्या दारात उभी आहे, माझी छत्री उलटी झाली आहे आणि माझं पित्त खवळलेलं आहे.

आधी माझी ओळख. मी लेखिका आहे. ‘इथे फाडा’ हे माझं. ‘गरम पाणी ओता, नऊ मिनिटं थांबा’ हेही माझंच. तंबू पाठीला बांधून भटकणाऱ्या लोकांसाठी सुकवलेलं जेवण बनवणाऱ्या एका कंपनीत मी चार वर्षं पाकिटामागचा मजकूर लिहीत होते. हजारो लोकांनी मला वाचलं आणि वाचल्याबरोबर फाडलं. टीकेला घाबरणाऱ्या लेखकांनी माझ्याकडून शिकावं.

पण त्या वर्षी पहिल्यांदाच पाकिटाच्या आतलंही माझं होतं. मसूर आणि बार्लीचा स्ट्यू. माझ्या घरच्या ओट्यावर, आईच्या शिव्या खात, सव्वीस वेळा करून बघितलेला. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, अट घातली होती : तळ्याकाठच्या तळावर वीस जणांना खाऊ घाल. अकरा जणांनी चिठ्ठीवर ‘पुन्हा खाईन’ लिहिलं, तर तुझी बदली पाककृती विभागात. नाहीतर ‘इथे फाडा’... निवृत्तीपर्यंत.

आणि तळावर निघायच्या आदल्या सकाळी छापखान्यातल्या काकांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. त्यामागे लिहिलं होतं :

‘हे अन्न स्वभावाने थंड व कोरडे आहे. त्याने काळे पित्त वाढते व मनुष्य उगाच दूरवर बघत बसतो. ज्याच्या अंगी काळे पित्त मुळातच अधिक, त्याने ते एकट्याने खाऊ नये.’

“काका, हे काय आहे?”

“तुमचंच की.”

“काका, माझं लिखाण एवढं मोठं नसतं!”

“ते... माझं आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळले. एक उंच, पूर्ण भिजलेला माणूस उभा होता. त्याने आपलं जाकीट काढून हातातल्या पुस्तकाला घातलं होतं. पुस्तक कोरडं होतं. माणसाच्या नाकावरून पाणी गळत होतं.

“आणि हे बहुतेक तुमचं,” असं म्हणून त्याने पुस्तकाचं सत्तेचाळीसावं पान उघडलं. वर कोरीव अक्षरांत प्रकरणाचं नाव होतं – ‘मसूर व बार्ली यांचे गुण’. खाली ठळक अक्षरांत – ‘इथे फाडा’.

पानाचा खालचा अर्धा भाग फाडलेला होता.

“आमचे प्राध्यापक वयस्कर आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “छापील शब्दाचा त्यांना फार आदर.”

दोन्ही मजकुरांच्या डोक्यावर ‘मसूर-बार्ली’ लिहिलेलं. काकांनी चष्मा न लावता जोडी जुळवली होती. पुढे त्यांनी आयुष्यभर या कामाचं श्रेय घेतलं. पण ते आत्ता सांगायचं नाही, कारण काही घडलेलंच नाही.

तो समोरच्या गल्लीतल्या ग्रंथालयात काम करायचा. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याच्या हस्तलिखिताचा अनुवाद. त्या वैद्याच्या मते माणसाच्या शरीरात चार रस : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याचा जो रस जास्त, तसा त्याचा स्वभाव. आणि प्रत्येक पदार्थ गरम किंवा थंड, ओला किंवा कोरडा.

“आणि वात?” मी विचारलं.

“त्यांच्याकडे वात नव्हता.”

“मग त्या काळी लोक एकमेकांना आणायचे काय?”

तो विचारात पडला. खरोखर पडला. छापखान्याच्या यंत्राचा खडखडाट चालू होता, बाहेर पाऊस... आणि हा माणूस माझ्या फालतू विनोदावर मनापासून विचार करत होता.

“काळं पित्त आणत असतील,” तो शेवटी म्हणाला. “त्याला जास्त वेळ लागतो. पण टिकतं.”

मोठ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “नवीन छापायला वेळ नाही. उद्या सकाळी सातला गाडी. पाकिटामागे जे काही लिहिलंय ते लोकांना समजावायला त्या माणसालाच घेऊन जा.”

“अहो बाई, पण तो ग्रंथालयातला आहे!”

“मग वाचता येत असेल. घेऊन जा.”

आईलाही सांगणं भाग होतं.

“कोण आहे गं बरोबर?”

“एक जण आहे. पित्ताचं बघतो.”

“डॉक्टर?” आईचा आवाज एकदम गोड झाला.

“नाही आई. सातशे वर्षांपूर्वीचं पित्त.”

“जुना आजार दिसतोय,” आई म्हणाली. “स्वेटर घेऊन जा.”

*

तळावर ‘एकट्याने भटकणाऱ्यांचा संघ’ उतरला होता. या संघाचे वीस सभासद वर्षातून एकदा एकटं राहण्यासाठी एकत्र येतात. तंबू एकमेकांपासून तीस पावलांवर. कुणी कुणाशी बोलायचं नाही. गेल्या वर्षी एकाने दुसऱ्याला ‘सुप्रभात’ म्हटलं म्हणून त्याला समज देण्यात आली होती.

आता अडचण अशी की पाकिटावर माझा मजकूर नव्हता. पाणी किती, थांबायचं किती, काहीच नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं किटली घेऊन तंबूतंबूंतून फिरलो. मी पाणी ओतायचे, म्हणायचे, “नऊ मिनिटं थांबा,” आणि मग आम्हीही थांबायचो. दुसरं काय करणार? पहिल्या तीन तंबूंनाच सत्तावीस मिनिटं झाली. एवढा वेळ मी याआधी कुठल्याच माणसाशेजारी गप्प बसले नव्हते. म्हणून बसले नाही.

“हे बिस्कीट?” मी खिशातून काढलं.

“थंड, कोरडं. काळं पित्त. खाल्ल्यावर जुनी पत्रं काढून वाचावीशी वाटतात.”

“तिखट शेंगदाणे?”

“पिवळं पित्त. ते खाऊन तंबू ठोकू नये, खुंट्या वाकतात.”

“शेकलेला मार्शमॅलो?”

त्याने काडीवरचा मार्शमॅलो उन्हात धरला. “कठीण आहे. वरून पिवळं पित्त, आतून नुसता कफ.”

“म्हणजे आमच्या मोठ्या बाई.”

तो हसला. हसल्यावर त्याच्या उजव्या गालावर एकच खळी पडायची. दुसरी बहुधा अनुवादात राहून गेली होती.

“आणि माझा स्ट्यू?” मी विचारलं. “थंड म्हणे! वाफ बघा. उकळतोय तो!”

“उकळत असला तरी स्वभावाने थंडच,” तो म्हणाला. मग अगदी हळू – “तुमचं उलट आहे.”

“काय उलट?”

“नऊ मिनिटं झाली,” तो म्हणाला आणि किटली उचलून चालू लागला. त्याचे कान लाल झाले होते. कान. रक्त. मी मनात नोंद केली.

पाचव्या तंबूत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गुडघ्यावर रुमाल, हातात चमचा. त्यांनी पाकीट उलटं करून मागचा मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग उठले, घडीचं स्टूल काखेत मारलं, स्ट्यू हातात घेतला आणि तीस पावलं चालून शेजारच्या तंबूसमोर उभे राहिले.

“माफ करा,” ते आत बसलेल्या बाईंना म्हणाले. “मला माझं पित्त काळं असल्याचा संशय आहे. बसू का?”

बाईंनी आपलं पाकीट उलटं केलं. वाचलं. “बसा,” त्या म्हणाल्या. “मलाही बावीस वर्षांपासून संशय आहे.”

आणि मग तंबूंच्या चेनी उघडल्याचे आवाज यायला लागले. एक... दोन... सहा... छापील शब्दाचा आदर करणारे बरेच जण होते म्हणायचे. तिसऱ्या प्रहरापर्यंत संघाचे सगळे सभासद चुलीभोवती गोल करून, एकमेकांचा रस कुठला यावर भांडत होते. एका गृहस्थाने मतदान घेऊन स्वतःला कफप्रवृत्तीचा ठरवून घेतलं. संघाच्या अध्यक्षांनी तोंडात घास असताना ‘सुप्रभात’ म्हटलं. दुपारचे साडेतीन वाजले होते.

चिठ्ठ्या गोळा केल्या. तेवढ्यात पावसाची सर आली – थंड आणि ओली, म्हणजे सरळ सरळ कफ – आणि मी चिठ्ठ्यांचा डबा पोटाशी धरून सामानाच्या तंबूत शिरले. मागोमाग तो. छपरावर टपटप... आत टॉर्चच्या पेट्या, दोरखंड आणि दोन माणसं बसतील एवढीच जागा.

वीस चिठ्ठ्या. ‘पुन्हा खाईन’ – एकोणीस. विसाव्या चिठ्ठीवर मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, ‘पुन्हा खाईन, पण कोणाबरोबर ते लिहायला जागा सोडलेली नाही. पाच गुण वजा.’

मी ओरडणार होते. पण त्याचा चेहरा बघून थांबले.

“मला काहीतरी सांगायचंय,” तो म्हणाला. “ते वाक्य चुकीचं आहे.”

“कुठलं?”

“‘एकट्याने खाऊ नये.’ मूळ हस्तलिखितात शाई पुसट आहे. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर ‘एकट्याने’. भिंग लावलं तर... ‘रिकाम्या पोटी’.”

“आणि तुम्ही भिंग लावलं नव्हतं.”

“लावलं होतं.”

“मग?”

“मग... काढलं.” तो दोरखंडाच्या टोकाशी खेळत राहिला. “सहा वर्षं मी ग्रंथालयाच्या तळघरात डबा खातो. समोर भिंत. तिथे बसून ‘रिकाम्या पोटी’ लिहवेना. वाटलं, सातशे वर्षांपूर्वी तरी कुणाला कळलं असेल...”

पाऊस वाढला. खरं तर माझं मन तिथेच विरघळायला हवं होतं. पण माझं पित्त पिवळं आहे.

“म्हणजे वीस जणांनी माझा स्ट्यू पास नाही केला,” मी म्हणाले. “तुझी चूक पास केली! सव्वीस वेळा शिजवलाय मी तो. सव्वीस! चांगला आहे की नाही, हे मला अजूनही माहीत नाही!”

मी त्याला ‘तू’ म्हटलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही ते आलं नाही असं दाखवलं.

त्याने उरलेलं पाकीट घेतलं. किटलीतलं पाणी अजून गरम होतं. ओतलं. घड्याळ समोर ठेवलं.

“तू अजून खाल्लाच नाहीस?” मी विचारलं.

“माझं पित्त काळं. एकट्याने खायची मनाई होती.”

नऊ मिनिटं आम्ही थांबलो. मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात लांबलचक वाक्य निघालं.

त्याने पहिला चमचा खाल्ला. दुसरा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझं अख्खं भविष्य त्याच्या जबड्यात हळूहळू चावलं जात होतं. त्याने पाकीट तळापर्यंत खरवडलं.

“खरं सांगू?”

“सांग.”

“मसूर सुंदर शिजलाय. बार्लीही. बाहेरचे लोक नसते तरी मी हे संपवलं असतं.” तो थांबला. “पण मीठ कमी आहे.”

सव्वीस वेळा. आई म्हणायची ‘छान’. ताई म्हणायची ‘मस्त’. मोठ्या बाई म्हणायच्या ‘बघू’. मीठ कमी आहे, हे एकदाही मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याने आत्ता कबुली देऊन स्वतःचं पुस्तक पणाला लावलं होतं, तो उगाच गोड बोलणार नाही, हे मला कळत होतं. म्हणजे मसूरही खरंच सुंदर शिजला होता.

“मीठ कुठल्या रसाचं?” मी विचारलं.

“गरम, कोरडं. थंड पदार्थाला सावरून घेतं.” मग त्याने मान वर केली, खळी अर्धवट पडली. “तुझ्यासारखं.”

टपटप... टपटप...

“ग्रंथालयात तळघराखेरीज कुठे डबा खाता येतो?” मी विचारलं.

“वाचनकक्षाबाहेर एक बाक आहे. दोघांचा. मी कधी बसलो नाही. अर्धा रिकामा राहतो.”

“सोमवारी मीठ घेऊन येते,” मी म्हणाले.

मोठ्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं : वाक्य चुकीचं आहे, मीठ कमी आहे. त्या म्हणाल्या, “मीठ वाढव. वाक्य राहू दे. आणि तो माणूस – तो काय करतोय पुढे?” आता मी पाककृती विभागात आहे. बाकावर अर्धी जागा रिकामी नसते. पहिल्या वाक्यात काय छापलं गेलं होतं, ते आता वाचलंत तरी चालेल.

फक्त एक अडचण उरली आहे. सत्तेचाळीसावं पान काकांनी पुढे नीट छापून दिलं, पण आता ग्रंथालयाने पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी समिती नेमली असून तिने भिंग लावलं आहे. म्हणून हा अर्ज.

*

प्रति,
मा. अध्यक्ष, शुद्धिपत्र समिती.

विषय : पृष्ठ ४७, ओळ अकरा.

महोदय,

वरील ओळीतील ‘एकट्याने’ हा शब्द चुकीचा असल्याचे आपण कळवले आहे. चूक मान्य आहे. तथापि सदर चुकीमुळे वीस तंबू तीस पावलांवरून तीन पावलांवर आले असून एक विवाह झालेला आहे. चूक सध्या आमच्याच घरी राहते व रोज संध्याकाळी मीठ चाखून सांगते.

तरी अनुवादात कोणताही फेरफार न करता मूळ हस्तलिखितातच आवश्यक ती दुरुस्ती करून घ्यावी, व मूळ लेखक वैद्य सातशे वर्षांपूर्वी वारले असल्यास त्यांची लेखी संमती मिळवून तिची एक प्रत आम्हा उभयतांस, एकाच पाकिटात, पाठवावी, ही नम्र विनंती.