जांभळ्या शर्टातला डेरिअस

बर्फाच्या शेवटच्या पिशवीला आम्ही दोघांनी एकदमच हात घातला. एप्रिलची दमट दुपार, मॉन्टगोमरीबाहेरचा पेट्रोल पंप.

"गाडीत चर्चच्या जेवणाची मासळी आहे," मी म्हणाले. "वास सुटेपर्यंत भांडायचं असेल तर भांडू."

"अर्धी-अर्धी?"

"तुम्ही इथले नाही."

"कशावरून?"

"इथल्या माणसानं आतापर्यंत गाडीचं दार उघडून धरलं असतं."

त्यानं पिशवी माझ्या गाडीत ठेवली, आणि मग खरंच दार धरून उभा राहिला. डेरिअस ओट्स. डेट्रॉइटमध्ये वाढलेला, आजोळच्या मुलखात एसी दुरुस्तीच्या कामाला आलेला. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव विचारावं असं मला सुचलं नाही. कुणाला सुचतं?

मग नदीकाठच्या संध्याकाळी सुरू झाल्या. त्याला इथला चहा फार गोड लागायचा, मला त्याचे उच्चार फार तुटक. जुलैतल्या एका शुक्रवारी, बोलता बोलता तो थांबला… आणि त्यानं माझं चुंबन घेतलं.

"उद्या?" त्यानं विचारलं.

"उद्या आमच्या घराण्याचा मेळावा."

"आमचाही."

आम्ही हसलो. जुलैत इथल्या प्रत्येक बागेत कुणाचा ना कुणाचा मेळावा असतोच.

शनिवारी बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन मी मंडपात शिरले, आणि समोर डेरिअस. अंगात मेळाव्याचा जांभळा शर्ट. छातीवर आमच्याच वंशावळीचं झाड, खाली आमचंच नाव — टॉलिव्हर. तोच शर्ट माझ्याही अंगात.

"कॅमिल," तो हळूच म्हणाला, "हा शर्ट तू कुणाचा मागून घातलायस ना?"

"माझ्या आईचं माहेर आहे हे."

"माझ्याही…"

माझा हात आपोआप ओठांवर गेला, पुसल्यासारखा. त्यानं ते पाहिलं. चेहरा पडला त्याचा.

भांडं तिथेच ठेवून मी पेकनच्या झाडाखाली ओडेसा आजीकडे गेले. नव्वदीतली ही माझ्या आजोबांची बहीण. सगळं घराणं तिला तोंडपाठ. डेरिअस मागोमाग आला.

"आजी, हा आपला कोण?"

"रोझेटाचा मुलगा ना? रॅन्समच्या शाखेचा. आपण प्रिन्सच्या."

प्रिन्स आणि रॅन्सम, मूळ दोघे भाऊ. दरवर्षी फोटोत दोन्ही शाखा डावीकडे-उजवीकडे उभ्या राहतात.

"म्हणजे भाऊच लागतो," मी म्हणाले.

आजीनं आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. हातातला पंखा थांबला.

"कधीपासून चाललंय?"

"एप्रिलपासून," डेरिअस म्हणाला.

"रक्ताचं नातं नाही तुमचं. प्रिन्स व्हर्जिनियाचा, रॅन्सम कॅरोलायनाचा. एकाच साखळीला बांधून नदीच्या धक्क्यावरून गुलामांच्या बाजारात नेलं दोघांना. टॉलिव्हर नावाच्या माणसानं एकाच दिवशी विकत घेतलं. सुटका झाली, आडनाव तेवढं त्याचं उरलं. भाऊ व्हायचं त्या दोघांनी स्वतः ठरवलं."

मला आधी आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"हे कुणालाच का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी अर्धेच आले असते. न सांगावं तर लोक तुम्हाला भाऊ-बहीण समजणार. आता तुम्हीच बोला, काय करू?"

"नका सांगू," डेरिअस म्हणाला. "एवढी माणसं मला आत्ता कुठे मिळालीत. माझ्यापायी हे मोडायला नको. मी परत जातो डेट्रॉइटला."

आणि तो गेला… फोटोच्या रांगेत, उजवीकडे अगदी टोकाला.

मी आजीचा हात धरला. "सांग, आजी."

सगळे उभे राहिल्यावर ती खुर्चीतूनच बोलली. तेच, तेवढंच. माझी आई एकटक डेरिअसच्या आईकडे बघत होती.

शेवटी शेगडीजवळून क्लाइड मामांचा आवाज आला. "म्हणजे बरगड्यांना लावायचा माझा मसाला मी इतकी वर्षं परक्यांना देत आलो?"

"मिठाचा हात तेव्हाच आवर म्हटलं होतं परक्यांनी," उजवीकडून कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. थोडा ओला होता तो. फोटोवाल्यानं पुन्हा डावे-उजवे सांगितलं, पण कुणी ऐकेना. माझी आई पलीकडे जाऊन रोझेटाच्या शेजारी उभी राहिली. मग रांगाच राहिल्या नाहीत.

डेरिअस माझ्यापाशी येऊन थांबला.

"मी कुठे उभा राहू?"

"इथे."

"तुझा कोण म्हणून?"

मी त्याचा हात हातात घेतला. सगळ्यांदेखत.

"तेही आपणच ठरवू."