काचेचं दुसरं टोक

पाणमांजरांच्या दालनात मी नुसती पाटी बदलायला गेले होते. बघते तर काय — दोघं जण मोठ्या कपाटाची काच काढत होते. एका टोकाला तो, आणि दुसऱ्या टोकाला... ती!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या संग्रहालयात आपल्याच रानातले, पेंढा भरलेले प्राणी आहेत. कोल्हे, साळिंदरं, घुबडं. तो त्यांची कातडी सांधतो, मिशा पुसतो. सगळे त्याला पेंढेवालाच म्हणतात. मी पाट्या लिहिते. ती काच एकट्याला उचलत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, त्याने 'एक, दोन, तीन' म्हणायचं, मग उचलायची. ठेवतानाही तसंच. दोन वर्षं दुसरं टोक माझं होतं. काचेतून तो माझ्याकडे बघायचा, आणि मी पाणमांजराकडे बघतेय असं दाखवायचे...

आणि ही महिन्याभराची पाहुणी! पक्ष्यांची तज्ज्ञ. मी मनातल्या मनात तिला घुबडबाई म्हणते.

"बघ ना, यांनी मलाही कामाला लावलं," घुबडबाई गोड हसली.

"छान! लागा की."

आत्या म्हणते, माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी तो तिथे मावेना. समुद्राकाठच्या नव्या संग्रहालयात बदली हवी का, हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आठवडाभर मी 'नको'च म्हणत होते. आता तडक टेबलाशी गेले आणि अर्ज लिहून टाकला. अक्षर गिचमिड आलं, कारण उजवं मनगट मुरगळलेलं होतं. बाहीखाली पट्टी लपवून फिरत होते मी. कुणाला कळलं असतं, तर काच दुसऱ्याच कुणाकडे गेली असती!

पाणी पिऊन परत आले, तर अर्जावर मलमाची डबी. दारात घुबडबाई.

"तुझ्या पेंढेवाल्याने ठेवलीय. बाई गं, कान किटले माझे! 'त्या असत्या तर काच डगमगली नसती.' मग त्यांनाच बोलवा म्हटलं, तर म्हणे, त्यांचं मनगट दुखतंय, चार दिवस चहा डाव्या हाताने पितायत."

मी डबी घट्ट धरली आणि दालनाकडे पळाले. काच परत बसवायची बाकी होती.

"तुम्ही नका," तो म्हणाला.

"मीच!"

"एक, दोन... तीन."

काच वर आली. मनगटातून कळ गेली, तरी मी सोडली नाही. काचेपलीकडे त्याचे कान लाल झाले होते.

"आता तुम्हाला निघून जाता येणार नाही, म्हणून विचारतो. अर्ज पाहिला मी. जाताय?"

"तुम्हाला काय त्याचं? काच धरायला आहे की कुणीतरी!"

"काच कुणीही धरेल. मला... मला तू हवीस. लग्न करशील माझ्याशी?"

दोन वर्षांत पहिल्यांदा 'तू'! मला रागावायचं होतं खरं तर. जमेना.

"हात दुखतोय माझा," मी पुटपुटले.

"आधी उत्तर."

"हो! हो म्हटलं ना... आता मोज लवकर!"

तो नुसता हसत उभा. त्याला एकही आकडा आठवेना.

शेवटी मीच म्हटलं, "एक, दोन, तीन."