केशवची हजेरी

त्या दिवशी भोपाळवर सकाळपासून धुकं उतरलं होतं. पौषातलं धुकं, ओल्या घोंगडीसारखं जड. आठ वाजले तरी अवधपुरीतले रस्त्यावरचे दिवे विझले नव्हते, आणि मराठी मंडळाच्या बसच्या काचा पार पांढऱ्या झाल्या होत्या.

बस निघाली होती सांचीच्या पलीकडच्या डोंगरात, जुनी बौद्ध लेणी बघायला. बाळूकाका खिडकीपाशी बसले होते. शेजारी गिरीश, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा.

"काका, स्वेटर, शाल, मफलर… आत माणूस आहे ना नक्की?"

काका हसले. दीप्ती, मंडळाची चिटणीस, मोबाईलवरून नावं पुकारत होती. काकांना अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली यादी ते विसरत नसत. आपलं नाव आलं तसे ते आधी खाकरले, मग म्हणाले, "हजर." कारखान्यात क्रेनवाल्याला खालून खुणा करण्यात तीस वर्षं गेली, तेव्हाही रोज हजेरीला असंच खाकरून.

पुढच्या सीटवर शशिकलावहिनी होत्या. त्यांनी वळून तिळाची वडी पुढे केली. काकांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

आता मागचं सांगायला हवं. शशिकलावहिनींचा नवरा केशव हा काकांचा पाळीवरचा जोडीदार. रोज पाच मिनिटं उशिरा यायचा. टाइमकीपरनं नाव पुकारलं की बाळू मान खाली घालून त्याच्याही नावाला "हजर" म्हणायचा. सगळेच एकमेकांसाठी म्हणायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एकतीस वर्षांपूर्वी मंडळाची सहल याच लेण्यांवर आली होती. परतताना नावं पुकारली गेली. केशवचं नाव आलं आणि कुणीच बोललं नाही. बाळूला वाटलं, रातपाळी करून आलाय, मागच्या बाकावर पडला असेल. सवयीनं तो बोलून गेला, "हजर." बस सुटली.

केशव चौथ्या दिवशी घळीत सापडला. उजवा पाय मोडलेला. दोन दिवस तरी जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. एका गुराख्यानं हाकाही ऐकल्या होत्या, पण त्या डोंगरात अंधार पडल्यावर आलेल्या हाकेला कुणी ओ देत नाही. सगळा ठपका तेव्हाच्या चिटणिसावर आला. त्या भल्या माणसानं मंडळच सोडलं. बाळू गप्प राहिला. एकतीस वर्षं.

यंदा शशिकलावहिनी पहिल्यांदाच यायला तयार झाल्या, आणि काकांनी मनाशी ठरवलं की तिथंच, त्या दगडांसमोर, त्यांना सांगून टाकायचं. आता नाही सांगितलं तर हे ओझं आपल्याबरोबर सरणावर जाईल.

सागाच्या रानातून पायऱ्या वर गेल्या होत्या. लेण्यांत ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा उग्र वास कोंडला होता. तिसऱ्या खोलीत भिंतीतच कोरलेला दगडी ओटा होता, उशीसकट. भिक्खू तिथं निजत असत म्हणे. वहिनींनी त्या उशीवरून हात फिरवला.

"बाळूभावजी, इथंच डोळा लागला असेल हो त्यांचा. रातपाळीचे होते ना."

"हं…"

"एवढी माणसं बसमध्ये. एकाच्याही लक्षात येऊ नये?"

काकांनी तोंड उघडलं.

"वहिनी… पायऱ्या निसरड्या आहेत. जपून उतरा," एवढंच बाहेर पडलं.

वहिनी बाकीच्यांबरोबर खाली गेल्या. चौकीदार आत डोकावला. "बाबा, चार के बाद यहाँ कोई नहीं रुकता." काकांनी दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं. तोही गेला.

धुकं दारातून आत सरकलं. काका ओट्याच्या कडेला टेकले. "केशव," ते पुटपुटले, "चुकलो रे."

तेवढ्यात आली दीप्तीची हाक, खालून, बसमधून. एकेक नाव एवढं स्वच्छ ऐकू येत होतं, जणू ती खोलीच्या दाराशी उभी राहून वाचत होती. काका ऐकत होते. यादी त्यांना पाठ होती. गिरीशनंतर आपण.

"गिरीश."

"हजर."

"बाळूकाका."

ते उठले, ओरडायला छाती भरून घेतली… आणि खाली बसमध्ये कुणीतरी खाकरलं. त्यांच्यासारखंच. मग त्यांच्याच आवाजात म्हणालं, "हजर."

इंजिन सुरू झालं. काका ओरडले, पण आवाज धुक्यात, तोंडापासून हातभर अंतरावरच विरला. बसची घरघर सागातून दूर दूर गेली.

तेव्हा त्यांना कळलं. म्हणजे त्या दिवशी केशवही इथं जागा झाला असणार. त्यानंही ऐकलं असणार स्वतःचं नाव. आणि त्या नावाला ओ देणारा आवाज कुणाचा, हेही ओळखलं असणार. दोन दिवस घळीत पडून तो तेच ऐकत राहिला असेल.

मागे ओटा रिकामाच होता. पण ते जिथं टेकलेही नव्हते, त्या दगडी उशीवर हात ठेवला तर ती उबदार लागली.

काका कसे उतरले, ते त्यांनाच ठाऊक. सडकेवर दुधाच्या एका गाडीवाल्यानं दया केली. दिवेलागणीला ते अवधपुरीत पोचले. दाराला सकाळी लावलेलं कुलूप नव्हतं. ढकललं तर आतून कडी. फटीतून दिव्याचा उजेड येत होता, आणि आत कुणीतरी हळूहळू येरझाऱ्या घालत होतं.

शेजारचं दार उघडलं. गिरीश दोन पावलं पुढे आला आणि थबकला.

"काका? तुम्ही बाहेर कधी आलात? आत्ता तर दारात सोडलं तुम्हाला, कडी लावल्याचा आवाजही ऐकला मी… बाकी बसमध्ये वहिनींना सगळं सांगून टाकलंत, बरं केलंत. त्या हजेरीचं ऐकून त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसता तुमचा हात धरून बसल्या घरापर्यंत… पण काका, मघाशी तुमचा उजवा पाय केवढा ओढत होतात तुम्ही… आता कसे सरळ उभे आहात?"