बेचाळिसावा निबंध

"हा निबंध माझा नाही," डॉ. आप्पासाहेब निमसे म्हणाले आणि त्यांनी आपल्या निबंधांची छापील यादी दयाताईंपुढे सरकवली. "माझ्या नावावर कुणीतरी छापून आणलाय. कोण ते मला आजच्या आज हवंय."

दया साळवे या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. जामखेडजवळच्या 'सांजसोबत' केंद्राच्या नीतिसमितीवर त्या होत्या. जे रुग्ण बरे होणार नाहीत, त्यांचे शेवटचे दिवस सुसह्य करायचे, हे केंद्राचं काम. त्यावर निमसेंचे एक्केचाळीस शोधनिबंध होते आणि चार दिवसांनी पुण्यात त्यांचा सत्कार होता. डॉक्टरांचा फोन आला तशा त्या नगरहून तडक निघाल्या होत्या.

दयाताईंनी बेचाळिसावा निबंध शेवटपर्यंत वाचला.

निमसेंचा सर्वांत गाजलेला निबंध दोन वर्षांपूर्वीचा. बारा रुग्णांशी नुसता आपुलकीने संवाद साधला आणि त्यांच्या वेदना निम्म्यावर आल्या, असं त्यात होतं. नवा निबंध त्याच बारा जणांचा होता. त्यांना मॉर्फिन मुद्दाम दिलं नव्हतं आणि त्यातले बहुतेक तळमळत गेले, असं यात लिहिलं होतं. नऊ नंबरची बाई नऊ मार्चला वारली होती. जुन्या निबंधात तिची 'समाधानी' मुलाखत चौदा मार्चची होती.

"तुमचा संशय कुणावर?"

"सिस्टर एंजेलावर. औषधाच्या कपाटावरून माझ्याशी भांडली होती. बाकी निबंधांचं सगळं माझा सहायक कानिफनाथ बघतो. तो लिहितो, मी नजर घालतो. आठ वर्षांत उलट शब्द नाही."

एंजेला समोर येऊन ताठ बसली.

"भांडलात?"

"हो. रुग्णांना मॉर्फिन द्या म्हणून. कपाटाची किल्ली सरांकडेच असते."

"रुग्णांच्या घरी जात होतात?"

"नाही मॅडम. माझं काम वॉर्डात."

"निबंधाला संमती सरांच्या मोबाईलवरून जाते. तो कुणाच्या हाती लागतो?"

"कुणाच्याच नाही. त्यांचं बोट लावल्याशिवाय तो उघडत नाही."

मग कानिफनाथ आला. चाळिशीचा, शांत, खर्ड्याचा माणूस. रुग्णांच्या घरी जाऊन संवाद साधणारा तोच.

"एका घरी दिवसातून किती वेळा जायचात?"

"एकदा. दुपारी."

"नऊ नंबरच्या बाईकडेही?"

"नियम सगळ्यांना एकच होता."

दयाताईंनी घरभेटींचं रजिस्टर आणि हजेरीपट मागवला. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या कचेरीत एक फोन केला. मग तिघांनाही डॉक्टरांच्या खोलीत बसवलं.

"डॉक्टर, हा निबंध चोरून छापलेला नाही. लेखकाची संमती दोन फेब्रुवारीला सकाळी अकरा दहाला तुमच्या मोबाईलवरून गेलीय. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"श्रीगोंद्याला. शिबिराच्या उद्घाटनाला."

"मोबाईल?"

"खिशात." निमसेंचा आवाज उतरला. "तसे मेसेज रोज येतात. कानिफनाथ फोन करतो, मी 'मान्य' दाबतो."

"न वाचता. म्हणजे हा निबंध तुम्ही स्वतःच पाठवलात. लिहिला कुणी, एवढंच उरतं." दयाताईंनी रजिस्टर उघडलं. "इथे नऊ नंबरच्या वेदनेची नोंद दिवसाला एक. नव्या निबंधात तिच्या शेवटच्या तीन दिवसांची नोंद तासातासाची आहे, पहाटेचीसुद्धा. दुपारी एकदा जाणाऱ्याला ती मिळणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरला तर नाहीच. ती उशाशी बसलेल्याची आहे. बाईंचं नाव गोजरबाई, राहणार खर्डा. आणि कानिफनाथ, त्याच वर्षी तुमची रजा सहा मार्चपासून वीसपर्यंत. कारण लिहिलंय, आईचं आजारपण."

कानिफनाथने मान हलवली.

"नऊ नंबर म्हणजे तुझी आई?" निमसे म्हणाले. "कधी गेली? मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं हुतं, सर. याच खोलीत. त्याच्या आधी मॉर्फिन मागायला आल्तो. तुमी म्हनालात, आठ दिवस थांब, अभ्यास बिघडंल. चार दिवसांत ती गेली. तोवर मी तिच्याशी बोलत बसलो. संवाद. ती म्हनायची, बोलू नगंस, कायतरी दे." त्याचा आवाज जराही चढला नाही. "पुढं तुमी लिहून दिलेल्या मुलाखती टाईप करताना ती समाधानी दिसली. मेल्यावर पाच दिवसांनी."

"मी कळवतो, हा निबंध माझा नाही."

"कळवा. मग आकडे खोटे हायत हे दाखवावं लागंल. आईचे तासातासाचे सोडले, तर ते तुमच्याच रजिस्टरातले. खरे म्हनालात, तर आधीचा निबंध खोटा. दोन वर्सं लागली मला हे जुळवायला."

दयाताईंनी रजिस्टर मिटून आपल्या पिशवीत घातलं. "हे समितीपुढे जाईल. कानिफनाथ, दुसऱ्याच्या नावाने लिहिल्याचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल."

"नोकरी जाईल. ठाऊक हाय."

निमसे टेबलाला धरून उभे राहिले. "एवढा राग होता, तर तोंडावर बोलायचंस."

"बोललो असतो तर तुमी माफी मागितली असती, सर," कानिफनाथ म्हणाला. "मला माफी नको हुती."