आरसा उलटा लागला

हं, तर कुठे होतो आपण? हां, धाकटा वहिनीकडे निघाला. भर दुपारची वेळ, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि मनात एकच, की लवकर उरकायचं आणि पळायचं.

काम तसं किरकोळच. सकाळी वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, यांचा कॉम्प्युटर रोज दुपारी आपोआप सुरू होतोय. जरा बघून जाल का?" धाकट्याचं दुकानच कॉम्प्युटर दुरुस्तीचं. दुसऱ्या कुणाकडे तो शीळ घालत गेला असता. पण वहिनीचा जिना चढताना हल्ली त्याचे पाय जड व्हायचे. का, ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

थोरला भाऊ, म्हणजे त्याचा दादा, आंधळ्या मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. मागच्या खोलीत, बाहेरचा गोंगाट नको म्हणून खिडकीला जाड रजई ठोकून. बसला की आधी घसा खाकरायचा आणि दर वेळी तेच ठरलेलं वाक्य म्हणायचा. शाळेतली पोरं त्याची नक्कल करून हसायची. मग एकदा साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. आवाज मात्र कॉम्प्युटरमध्ये राहिला. वहिनी जेवणं आटोपली की कपड्यांच्या घड्या घालत तो आवाज ऐकत बसायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

पुढे ती डिस्क कुरकुरायला लागली. वहिनी घाबरली. धाकटा म्हणाला, "अहो वहिनी, मी असताना काळजी कसली? दुसरी डिस्क बसवतो आणि दोघींचा आरसा करतो. एकीवर जे असेल तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरीवरून मशीन सुरू होईल, दादाचा आवाज कुठे जात नाही."

आधी वेगळी प्रत काढून ठेवा, असं हा शहाणा गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. फरक काय तो स्टिकरवरच्या नंबराचा. कानाला फोन लावून कुणा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता घालता त्यानं बटण दाबलं, आणि आरसा उलटा लागला. भरलेलीचं रिकामीवर उमटायचं, ते रिकामीचंच भरलेलीवर उमटत गेलं. आरशाला काय कळतंय? समोर जे धराल ते तो दाखवणार. धाकट्याच्या लक्षात आलं तेव्हा पडद्यावरची कामाची पट्टी शेवटाला पोचली होती.

चूक झाली, ती एक वेळ माणूस समजून घेईल. पण वहिनी दारात येऊन उभी राहिली तेव्हा हा म्हणाला, "वहिनी, डिस्क आधीच गेली होती. काही मिळालं नाही..." ती म्हणाली, "असू दे. तुम्ही तरी काय करणार?" आणि त्याला जेवायला वाढलं. तो घास अजून त्याच्या घशात अडकलेला आहे.

आज तीच खोली. रजई तशीच, त्यामुळे दुपार असूनही आत अंधारलेलं. खोकल्याच्या गोळीचा तो जुना वास अजून गेला नव्हता. वहिनी चहा टाकायला गेली आणि धाकट्यानं मशीन उघडलं. आधी एक डिस्क काढून पाहिली, मशीन दुसरीवरून सुरू झालं. मग ती काढून पहिली लावली, तरी सुरू. पुसल्यावर त्यानं दोन्हींवर नव्यानं सिस्टिम चढवली होती, ते काम चोख होतं. चोख आणि रिकामं. कुठं काही बिघाड दिसेना, म्हणून त्यानं मशीन बंद केलं आणि धूळ पुसायला दोन्ही डिस्क काढून टेबलावर ठेवल्या.

मशीनचा पंखा फिरायला लागला.

धाकट्यानं टेबलाकडे पाहिलं. दोन्ही डिस्क तिथंच होत्या. स्पीकरमधून बारीक खरखर आली. मग कुणीतरी घसा खाकरला.

"हं, तर कुठे होतो आपण? हां, धाकटा वहिनीकडे निघाला. भर दुपारची वेळ, खिशात स्क्रू-ड्रायव्हर..."

आवाज दादाचा होता. तसाच सावकाश, पोरांना गोष्ट सांगावी तसा. फोन, जिना, जड पाय, सगळं एकेक करून येत होतं. धाकट्यानं स्पीकरवर तळहात दाबून धरला. आतली थरथर हाताला लागत होती.

"दादा... नको ना... वहिनी ऐकेल..."

आवाज थांबला. वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

आता मात्र त्याचा बांध फुटला. "वहिनी, डिस्क गेली नव्हती... मीच पुसली. माझ्या हातून पुसली गेली आणि मी तुमच्याशी खोटं बोललो..."

"ठाऊक आहे मला," वहिनी हळूच म्हणाली. "रोज दुपारी हेच तर वाचतात हे."

धाकट्यानं स्पीकरवरचा हात काढला.

"पहिल्या दिवशी तुमचा असा राग आला होता, भाऊजी! पण आवाज यांचाच होता ना... राग करत बसू की आवाज ऐकू? ऐकत बसले."

"मग आज का बोलावलंत?"

"काल हे पुढचं वाचायला लागले. तुम्ही कबूल करता, तिथवर आवाज नेहमीचा. मग तुम्ही स्कूटरची किल्ली उचलता... आणि तिथं हे अडखळले. वाचवेना यांना. एवढी पुस्तकं वाचली, कधी रडले नव्हते हो..."

"पुढे काय आहे?"

"मला ऐकवेना. वायरच ओढून काढली मी." तिनं कप त्याच्यापुढे ठेवला. "आज जाऊ नका, भाऊजी. इथंच राहा."

"नाही जात," धाकटा म्हणाला. आणि खरंच त्याच्या मनात जायचं नव्हतं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. या घरात आता त्याला मान वर करून बसता येत होतं. किल्ली तर पलीकडे, दाराजवळच्या खिळ्याला, येताना त्यानंच अडकवलेली. त्यानं डाव्या हातानं चहा घेतला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि कप ठेवताना त्याला जाणवलं, की उजव्या मुठीत काहीतरी गार आहे.

उचलली त्यानं. कधी उचलली, ते मलाही दिसलं नाही.

धाकट्या... नको रे... ठेव ती खाली...